डोंगा जड पाहिजे

डोमा,

मासेमारी संस्थेच्या सचिवानं मले कोरा कागद आणून देला. म्हणे, "लहानूभाऊ, डोमाभाऊच्या शोकसभेत वाचाले दोन शब्द लिहून आना. तुमी त्याईचे इवाई, त्याईची पोरगी तुमच्या घरची सून, आन् डोंग्यातले जोडीदार. तुमच्याहून जास्त त्याईले कोन ओळखते?" मी म्हटलं, चौथी शिकलो आहे मी, लिहितो. कागद घडी करून खिशात ठेवला.

सभा झाली. एक म्हणे डोमाभाऊ मनमिळाऊ होते. दुसरा म्हणे कष्टाळू होते. तिसरा तर म्हणे, "डोमाभाऊ जनमात कोनाशी भांडले नाई." मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो, मले हसू आलं. तू माझ्याशी रोज भांडत होता. सकाळी डोंग्यात पाय ठेवला का सुरू, आन् जाळं सुकवाले टाकलं का बंद. माझा नंबर आला तवा मी सांगतलं, चष्मा घरी राह्यला. चष्मा खिशातच होता, त्या कोऱ्या कागदासंग.

आता ह्या जुन्या वहीत लिहून राह्यलो. हे सभेसाठी नाई. लोकाईपुढं तू चांगला होता असं सांगा लागते, आन् मले ते सांगाचं नाई. पहिले डोंग्याचं सांगतो, कारण आपलं भांडण तिथंच होतं. तू मेला म्हणून ते मिटलं असं समजू नको.

तीन वर्षं झाली. आपला जुना आंब्याचा डोंगा बुडातून सडला होता. त्याच टायमाले संस्थेत बैठक झाली, का दोन माणसाच्या जोडीले एक नवा डोंगा भेटणार. पत्र्याचा पाहिजे का फायबरचा, ते जोडीनं ठरवाचं, दोघाईनं सही कराची. लाकडाचा ज्याले पाहिजे त्यानं आपला आपण पाहाचा. तू बैठकीतच माझ्या बरगडीत कोपर मारला. "फायबर, इवाई. आता फायबर." मी म्हटलं, पाहिल्याशिवाय सही नाई. तसं मले पाहाचंही नव्हतं. पण तुले हौस होती, म्हणून गेलो.

पहिले मूल गावाले गेलो. तिथी वेल्डिंगवाल्याच्या अंगणात पत्र्याचे डोंगे उपडे ठेवले होते, उन्हात तव्यासारखे तापलेले. मी जोडावरून नख फिरवलं, तांबडा गंज नखात आला. वल्ह्याचा दांडा आपटला तर ढण्ण करून आवाज झाला. तूच म्हटलं, "हे तर ढोल हाय. मासे का वऱ्हाडी हायत, वाजवून बोलवाले?" आपण दोघंही हसलो. वेल्डिंगवालाही हसला. त्या दिवशी आपलं एका गोष्टीवर एकमत झालं, तेवढंच.

मग चंद्रपूर. दुकानात तो फायबरचा डोंगा निळा-पांढरा, गुळगुळीत, काचेच्या बांगडीसारखा चमकत होता. दुकानदार म्हणे, "आजोबा, दोन मानसं आरामात उचलतात. एकटाही ओढन." तू टोक धरलं आन् उचललं. एका हातानं. डोमा, त्या टायमाले तुझं तोंड मी पाह्यलं. लग्नात नवी साडी घेतलेल्या बाईसारखं. "पाह्य इवाई, पाह्य! एका हातानं!" दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं पाहाले लागली. मले लाज वाटली. तुझी नाई, डोंग्याची. नदीत टाकाची वस्तू एका हातानं उचलता येते म्हणजे नदीही ती एका हातानं उचलू शकते, एवढं साधं तुले समजत नव्हतं. मी बोटाच्या गाठीनं ठोकून पाह्यलं. दुकानदार म्हणे, "आजोबा, ठोकू नका, रंग निघते."

"ठोकल्यानं रंग निघते, तर गोट्यावर घासल्यावर काय निघन? बूड?"

लोकं हसली. तू नाई हसला.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीपाशी बसला. दुकानदारानं देलेला डोंग्याच्या फोटोचा कागद मांडीवर धरून होता. मूल येईपर्यंत तोच पाहत राह्यला. मग म्हटलं, "इवाई, आपलं वय पाह्य. आन् काठ पाह्य."

काठाचं तुझं बरोबर होतं. ते मी आज लिहून देतो, त्या टायमाले देलं नाई. आपल्या तरणेपणी वैनगंगेचा काठ कसा होता? गाईच्या पाठीसारखा उतरता. पाणी वाढलं का डोंगा घसरत घसरत वर न्यायचा. मग रेतीचे ट्रक आले. वर्षं न् वर्षं त्याईनं काठ असा खाल्ला का आता तो भिंतीसारखा उभा आहे, पुरुषभर खाली पाणी, मधी एक तिरपी चढाची वाट. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले का तहसीलचा मेसेज येते, आन् डोंगा तेवढ्या वाटेनं वर ओढा लागते. नाई तर गेला. पहिले चार जण हाताले भेटत. आता माझा पोरगा मूलच्या राईस मिलमध्ये, बाकी पोट्टे कुठी कुठी. ओढाले उरलो तू आन् मी.

तू हे सगळं नीट समजावून सांगतलं. बोटं मोडून सांगतलं. आन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "सुकरूले इचार."

संपलं. तू कागद घडी केला आन् खिशात ठेवला.

सुकरू माझा लहान भाऊ. हे वाचणाऱ्यासाठी लिहितो, तुले तर माहीतच आहे. आपण तिघं पहिल्यांदा स्वतःचा डोंगा कराले निघालो तवा सावरीचं झाड घेतलं. सावर हलकी, कोराले मऊ, आठ दिवसात डोंगा तयार. तू म्हटलं, सावरच घेऊ, खांद्यावर घेऊन पळता येईन. त्या सावरीच्या डोंग्यात एकदा दुपारी वारा सुटला, मधल्या धारेत डोंगा पानासारखा फिरला आन् उपडा झाला. तू इकडच्या काठाले लागला, मी तिकडच्या. सुकरू तिसऱ्या दिवशी सापडला.

त्या दिवसापासून मी तुले हेच ऐकवत आलो. तू जाळं फाडलं, सुकरू. तू उशिरा आला, सुकरू. पोरीच्या लग्नात जेवणावळ आमच्याकडं का तुमच्याकडं असा वाद झाला, तवाही मी मांडवाच्या दारात सुकरू काढला. तुझी पोरगी पुष्पा माझ्या पोराले देली तू, मले वाटे ती पोरगी देऊन तू भाऊ फेडून राह्यला. असं मी एकदा तुले तोंडावर म्हटलं होतं. तू जेवत होता. हातातला घास ताटात ठेवला, पाणी पेला, आन् घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंग्यापाशी माझ्या पहिले हजर.

सावर घ्यायची हे तू म्हटलं, पण "हो" मीही म्हटलं होतं. सुकरू तर नाचलाच होता. हे मी कोणाले सांगतलं नाई. तूही कधी म्हटलं नाई का लहानू, तूही होता. एकदा तरी म्हणाचं होतं. माझं तोंड बंद झालं असतं. तू म्हटलं नाई, म्हणून मी चालवत राह्यलो.

तर फायबरच्या कागदावर मी सही केली नाई. आपण जंगलाकडल्या गावात तिथल्या जुन्या माणसाकडं, मासू आजाकडं गेलो. वाऱ्यानं त्याईच्या शिवेत येनाचं मोठं, जड लाकडाचं झाड पडलं होतं, आन् गावानं बसून ठरवलं होतं का ज्याले डोंगा पाहिजे त्याले द्याचं. जोहार केला. मासू आजानं बसाले खाट देली. मग आपल्या दोघाईकडं वरून खालपर्यंत पाह्यलं.

"ओढनार कोन?"

"आमी दोघं," मी म्हटलं.

"पडलं असलं तरी हे झाड तुमच्याहून तरनं हाय." त्याच्या घरातल्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या. "सावर घ्या. दोन म्हाताऱ्याले सावर बरी."

सावरीचं नाव निघालं आन् तू जमिनीकडं पाह्यलं. मी म्हटलं, आमाले येनच पाहिजे. मासू आजानं कुऱ्हाडीनं खोडाच्या गाभ्यातली ढलपी काढून देली. आपल्यात डोंग्याचं लाकूड असंच पाहतात, बापानं मले शिकवलं, मी तुले शिकवलं. ढलपी पाण्यात टाकाची. पानासारखी वर नाचली तर लाकूड हलकं, वाऱ्यानं फिरते. अर्धी बुडून पाठ वर ठेवली तर बरोबर. सरळ खाली गेली तर ते खोड सोडून द्याचं, कितीही सुंदर असलं तरी.

आपण बोडीच्या, तिथल्या लहान तळ्याच्या पाण्यात ढलपी टाकली. सरळ खाली गेली.

तू माझ्याकडं पाह्यलं. मासू आजानंही पाह्यलं. मी म्हटलं, "ओली हाय. वाळली का तरंगन." जनमभर ज्या रीतीनं लाकूड पाह्यलं, ती रीत त्या दिवशी मी मोडली, तुझ्यासमोर, कारण फायबरच्या दुकानात तू एका हातानं टोक उचललं होतं. डोंगा जड पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तू वाकून पाण्याच्या तळातून ढलपी काढली, धोतराले पुसली आन् म्हटलं, "बरं, इवाई. येन तर येन."

दोन महिने आपण ते खोड आपल्या काठावर आणून कोरलं. बाहेरचं काम मी, आतलं तू. लाकूड कोराचा तुझा वाकस हलका चालायचा, लाकडाले गुदगुली केल्यासारखा. माझा हुकूम होता का बूड चार बोटं आन् बाजू दोन बोटं जाड पाहिजे. मी जेवाले घरी गेलो का तू चोरून बाजू पातळ कराचा. एक दिवस मी हात घालून मोजलं, तर मागच्या अंगाले एकच बोट.

"हे काय?"

"उंदरानं खाल्लं असन."

"कोन्या उंदरानं? वाकसवाल्या?"

तू ओठ दाबून हसू धरून ठेवलं होतं. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाई. डोंगा पाण्यात उतरवला तर समोर झुकला, मले मागं गोटा ठेवा लागला. आठ दिवस आपण एकाच डोंग्यात पाठीले पाठ लावून मासे धरले. नवव्या दिवशी जाळ्यात ही मोठी वाम आली, दोघाईच्या तोंडून एकदमच "अरे!" निघालं, मग बोला लागलं.

चांगला होता तो डोंगा. तुलेही मानाच लागते. त्यात बसलं का जमिनीवर बसल्यासारखं वाटे. वारा सुटला तरी चहाचा गिलास सांडत नव्हता. एकदा मधल्या धारेत वावटळ आली, संस्थेतल्या दोघाईचा फायबरचा डोंगा गरगर फिरला, आपला जागेवर. मी तुले म्हटलं, "पाह्यलं का?" तू म्हटलं, "पाह्यलं." आन् मग हळूच म्हटलं, "पन काठावर तो आपल्या अगोदर चढन." तसंच झालं. ते दोघं डोंगा डोक्यावर घेऊन वर गेले, आन् आपण वाटेत तीनदा बसलो.

तू चांगला सोबती होता, हे इथी लिहून ठेवतो. चाळीस वर्षं समोर तू बसला, मागं मी. तुझी पाठ मले जितकी पाठ आहे तितकं माझं तोंड मले नाई. कोणत्या खांद्यानं तू वल्हं मारतो, कुठी थांबतो, बिडी कवा काढतो, सगळं न बोलता समजे. माझी बायको गेली तवा तू पंधरा दिवस माझ्या छपरीत झोपला. एक शब्द बोलला नाई समजुतीचा. ते बरं केलं.

आता पुढचं.

आषाढ लागायच्या अगोदरची गोष्ट. आपण जाळं टाकून बसलो होतो. तू पाठमोराच म्हटलं, "इवाई, गडचिरोलीच्या दवाखान्यात जाऊन आलो."

"काऊन?"

"छाती भरून येते. डॉक्टरनं मशीनवर छातीची पट्टी काढली, फोटो काढला. म्हने ओझं उचलाचं नाई. ओढाचं नाई."

मी म्हटलं, "डॉक्टर का ढिवर हाय? त्यानं कवा जाळं ओढलं?"

तू म्हटलं, "खरं सांगून राह्यलो."

"मंग चुलीपाशी बस. भाकरी भाज. मी दुसरा गडी पाहतो."

तू वळून पाह्यलं नाई. तुझी पाठ थोडी खाली गेली, एवढंच. मग आपल्या पोरीचं नाव काढलं, "पुष्पाले सांगू नको. ती मले पाण्यावर येऊ देनार नाई." मी म्हटलं, मी कशाले सांगू. तुले वाटलं असन का मी तुझं गुपित राखून राह्यलो. मले भीती होती का पोरगी ऐकन, फायबरचा डोंगा आणा म्हणन, आन् सगळं गाव म्हणन का डोमाचं खरं निघालं. एवढ्यासाठी मी गप्प राह्यलो.

दुसरा गडी मी पाह्यलाही नाई. पाहाचा नव्हताच.

मग तो दिवस. दुपारी तहसीलचा मेसेज आला, पोलीस पाटलानं भोंग्यावरून सांगतलं का वरून पाणी सुटलं, डोंगे वर घ्या. गाव सगळं धानाच्या रोवण्यात, चिखलात. आपण दोघं खाली गेलो. तू समोरून दोर धरला, मी मागून रेटा. अर्ध्या चढावर तू थांबला. दोर हातातच, पण बसला. एक हात छातीवर.

"थांब थोडं, इवाई."

खाली पाणी लाल होऊन चढून राह्यलं होतं. मी मागून डोंगा पाठीवर अडवून धरलेला. माझाही दम संपत आला होता, पण मले ते दाखवाचं नव्हतं. मी खालून म्हटलं, "बसला का? सुकरूले ओढून आनाची तुझ्यात ताकत नव्हती, आता डोंग्यालेही नाई."

तू उठला. दोर खांद्यावरून घेतला आन् असा ओढला का मी मागं रिकामाच धावत आलो. एका दमात वर. मले बरं वाटलं. मी मनात म्हटलं, पाहा, येते का नाई. टोचा लागते थोडं.

वर आल्यावर तू डोंग्याले टेकून बसला. मी दोर घेतला, बाभळीले दोन वेढे मारले, गाठ मारली, गाठ ओढून पाह्यली, खाली जाऊन वल्हे आणले, ते डोंग्यात ठेवले. मग तुझ्याकडं पाह्यलं.

हा क्रम मी मुद्दाम लिहिला. तसाच झाला.

लोकं आली, तुले घरी नेलं. पुष्पा शेतातून धावत आली, कोपरापर्यंत चिखल. तुझे पाय चोळत होती, गरम होतात का म्हणून. मग माझ्याकडं पाहून म्हणे, "मामाजी, बाबानं तुमाले काई सांगतलं होतं का? काई तरास होता का त्याईले?"

मी म्हटलं, "नाई."

सगळ्यांसमोर म्हटलं. आवाजही हलला नाई. तुझ्या डोक्यापाशी उभा राहून म्हटलं. तू ऐकत असता तर हसला असता, का हा माणूस मेलेल्यासमोरही हरत नाई.

तेरवी झाली. मले वाटलं संपलं. पण तू मरूनही आपलं काम करून गेला. पुष्पा तुझं घर झाडाले गेली, आन् तुझ्या भिंतीवरच्या पिशवीत दवाखान्याचा कागद सापडला तिले. ती आली तवा मी अंगणात जाळ्याची भोकं शिवत होतो. ती सूप घेऊन तांदूळ पाखडाले बसली. कागद बाजूले ठेवला, वर खडा ठेवला, उडू नये म्हणून.

"मामाजी, हे मरनाच्या महिनाभर अगोदरचं हाय. तुमाले माहीत होतं का?"

पुन्हा नाई म्हणता आलं असतं. पोरगी मले बापासारखी मानते, तिनं ऐकलं असतं. मी सुई जाळ्यात खुपसून ठेवली. म्हटलं, "माहीत होतं."

"मंग?"

"मंग मी म्हनलं, चुलीपाशी बस."

सूप चालूच होतं. "आन् त्या दिवशी?"

मी सगळं सांगतलं. तू बसला ते, थांब म्हटला ते, मी सुकरूचं नाव काढलं ते. दोर, बाभळ, गाठ, वल्हे. काई ठेवलं नाई. मले वाटलं ती रडन, शिव्या देईन, सूप फेकन. मी तयार होतो. शिव्या खाणं मले जमते. ती फक्त एवढंच म्हणे, "डोंगा बांधून झाल्यावर पाह्यलं तुमी बाबाकडं?"

"हो."

"गाठ ओढून पाह्यली, मंग?"

"हो."

ती उठली, तांदूळ डब्यात भरले. त्या दिवसापासून ती मले मामाजी म्हणत नाई. बाकी सगळं करते. टायमावर जेवण वाढते, आंघोळीले पाणी काढते, सदरा धुते. पण नाव घेऊन, नातं घेऊन एक हाक नाई. ताट ठेवते आन् म्हणते, "ठेवलं." कोणाले ठेवलं, ते म्हणत नाई. पोरगा मिलवरून आला तर त्याले विचारते मी जेवलो का, आन् मी तिथीच बसलेला असतो. चाळीस वर्षं मी तुले एका नावानं मारलं. तुझी पोरगी मले बिननावाची मारून राह्यली. ती तुझ्याहून हुशार आहे.

इथपर्यंत मी परवा लिहिलं होतं. मले वाटलं इथी बंद करावं. पण काल अजून झालं.

तुले खरं सांगतो, तेरवीनंतर मी डोंगा पुन्हा पाण्यात उतरवला होता. उतरवाले एकटा पुरतो, चढच सगळं काम करते. चार दिवस एकटाच गेलो. समोर तुझी पाठ नाई, तर मले नदी जास्त दिसत होती. मासे भेटले नाई. गावात कोणी म्हटलं, "लहानूभाऊ, आता तरी संस्थेत फायबरसाठी नाव द्या." मी म्हटलं, माझा डोंगा अजून मेला नाई.

काल दुपारी मेसेज आला. मी खाली गेलो, दोर खांद्यावर घेतला, ओढला. चार बोटं हलला. पुन्हा ओढला, तेवढाच. पाणी मागून डोंग्याच्या बुडाले लागून राह्यलं होतं. वर पाह्यलं तर पुष्पा काठावर उभी. कवा आली, माहीत नाई. मले वाटलं हात लावाले आली.

"ये ना पोरी, समोरून धर."

"नाई."

"पानी चढून राह्यलं."

"दिसून राह्यलं मले. सोडा तो."

"येनाचा हाय. असा डोंगा पुन्हा होनार नाई."

"बाबा होनार हायत?"

मी दोर खांद्यावर सारखा केला. म्हटलं, "मी एकटा नेतो."

"न्या मंग," ती म्हणे. "मी पाहून राह्यली."

आन् ती खरंच पाहत उभी राह्यली, डोमा. हलली नाई. मी ओढला. छाती अशी आपटाले लागली का कानात आवाज. तुले त्या दिवशी काय वाटलं असन ते मले थोडं समजलं. सगळं नाई, थोडं. पाय घसरला, गुडघ्यावर आलो. तिनं दोन पावलं खाली टाकली आन् पुन्हा थांबली. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. मी पडलो असतो तर ती आली असती का, ते मले माहीत नाई, आन् मले विचाराचंही नाई. तिनं मले तेवढं द्यावं असं मी काई केलं नाई.

मी दोर खांद्यावरून काढला आन् सोडून देला.

डोंगा थोडा वेळ तिथंच राह्यला, जसा विचार करून राह्यला. मग मागचं अंग पाण्यानं उचललं, आन् तो हळूच निघाला. मधल्या धारेत गेला. तिथी लाकडाचे ओंडके, तणस, एक छपराचा कुड, सगळं गरगर फिरून राह्यलं होतं. सावरीचा तर उलटलाच असता. तुझा निळा-पांढरा फायबरचाही उलटला असता, शपथ घेऊन सांगतो. हा नाई उलटला. आत माणूस नाई, वल्हं नाई, मागचा गोटाही मी काढून ठेवलेला, तरी दोरी मारल्यासारखा सरळ गेला, पार पुलाच्या वळणापर्यंत.

मी ओरडलो, "पुष्पा, पाह्य, कसा सरळ चालला!"

ती घराकडं वळली होती. न वळता म्हणे, "वर या. पानी पायाले लागून राह्यलं."

मी वर आलो. रात्रभर तुझ्याशी भांडत होतो, का पाह्य, मी सांगत होतो ना, डोंगा जड पाहिजे. आन् तू तुझ्या त्या हळू आवाजात म्हणत होता, "गेला ना पन, इवाई."